विश्लेषण : देव न मानणारे ख्रिस्ती श्रद्धेशी वाद का घालतात?

‘तुमचा विश्वास नाही ना, मग गप्प बसा,’ असे नास्तिकांना अनेकदा ऐकवले जाते. तरीही ब्रिटन, अमेरिका, आयर्लंडमध्ये हा वाद दोनशेहून अधिक वर्षे सुरू आहे. तो नेमका कशावरून पेटतो, त्यात काय पणाला लागलेले असते आणि भारतात आल्यावर त्याचा अर्थ का बदलतो, याचा हा आढावा.

विधानसभेचा शपथविधी टीव्हीवर पाहताना दोन प्रकारची वाक्ये कानावर पडतात. बरेच आमदार ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो की…’ असे म्हणतात, तर काही जण ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो की…’ असे म्हणतात. राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीने दोन्ही पर्याय दिले आहेत. कोणी कोणता निवडला, याची सहसा बातमीही होत नाही. ब्रिटनमध्ये मात्र १८८० साली यातला दुसरा पर्याय मागितल्यावरून सुरू झालेला वाद एका खासदाराच्या अटकेपर्यंत गेला होता. नास्तिक श्रद्धेशी वाद का घालतात, हे समजून घ्यायला सुरुवात तिथूनच केलेली बरी.

ब्रॅडलॉ प्रकरण काय होते?

चार्ल्स ब्रॅडलॉ हे ब्रिटनमधील उघड उघड नास्तिक. १८६६ मध्ये त्यांनी ‘नॅशनल सेक्युलर सोसायटी’ ही संस्था स्थापन केली. १८८० मध्ये ते नॉर्थॅम्प्टनमधून संसदेवर निवडून आले. देवाच्या नावाने शपथ घेण्याऐवजी साधी प्रतिज्ञा करू द्यावी, अशी त्यांची मागणी होती. ती फेटाळली गेली. मग ‘ठीक आहे, शपथ घेतो’ असे ते म्हणाले, तर ‘नास्तिकाच्या शपथेला अर्थ काय?’ असा आक्षेप घेऊन तीही नाकारण्यात आली. म्हणजे दोन्ही दारे बंद. जून १८८० मध्ये त्यांनी सभागृह सोडण्यास नकार दिला, तेव्हा त्यांना ताब्यात घेऊन बिग बेनच्या मनोऱ्यातील एका खोलीत ठेवण्यात आले.

पुढे हा खेळ काही वर्षे चालला. मधले काही महिने त्यांना प्रतिज्ञेवर बसू दिले गेले, पण न्यायालयाच्या निकालानंतर जागा गेली. १८८१, १८८२ आणि १८८४ मध्ये पोटनिवडणुका झाल्या आणि नॉर्थॅम्प्टनच्या मतदारांनी प्रत्येक वेळी त्यांनाच निवडून दिले. अखेर जानेवारी १८८६ मध्ये नव्या अध्यक्षांनी कोणाचीही हरकत ऐकून न घेता त्यांना शपथ घेऊ दिली. दोनच वर्षांत, १८८८ मध्ये, ब्रॅडलॉ यांच्याच पुढाकाराने प्रतिज्ञेचा पर्याय देणारा कायदा झाला.

या माणसाचा आपल्याशीही संबंध आहे. भारतीयांचे प्रश्न संसदेत सातत्याने मांडल्यामुळे त्यांना ‘भारताचे खासदार’ म्हटले जाई. डिसेंबर १८८९ मध्ये मुंबईत भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनाला ते स्वतः उपस्थित होते.

हा प्रश्न फक्त ब्रिटनपुरता होता का?

नाही. अमेरिकेतील मेरीलँड राज्यात नोटरी पब्लिकच्या पदासाठी ‘माझा देवावर विश्वास आहे’ असे जाहीर करणे बंधनकारक होते. नेमणूक झालेल्या एका व्यक्तीने तसे म्हणण्यास नकार दिला आणि पद गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. १९६१ मध्ये न्यायालयाने एकमताने सांगितले, की सरकारी पदासाठी श्रद्धेची अट घालता येणार नाही.

दोन्ही प्रकरणांत ‘देव आहे की नाही’ हा मुद्दा न्यायालयासमोर किंवा संसदेसमोर नव्हताच. देव न मानणाऱ्याला नागरिक म्हणून पूर्ण हक्क आहेत की नाहीत, एवढाच प्रश्न होता. नास्तिकांच्या वादविवादामागचे पहिले आणि सर्वात जुने कारण हेच आहे. श्रद्धा घरात किंवा चर्चमध्ये असते तोवर फारसा वाद होत नाही. ती नोकरीची अट बनते, तेव्हा तो पेटतो.

नास्तिक, अज्ञेयवादी, सेक्युलर… सगळे एकच का?

नाही. हे शब्द सरसकट एकमेकांऐवजी वापरले जातात, त्यामुळे गोंधळ होतो. नास्तिक देव मानत नाही. अज्ञेयवादी म्हणतो, की देव आहे की नाही हे जाणून घेण्याचे साधन आपल्याकडे नाही. या भूमिकेसाठीचा इंग्रजी शब्द जीवशास्त्रज्ञ टी. एच. हक्स्ले यांनी १८६९ मध्ये रूढ केला. ‘सेक्युलॅरिझम’ हा शब्द जॉर्ज होलिओक यांचा, १८५१ मधला. राज्यकारभार आणि नीती धर्माधारित नसावी, एवढाच त्याचा आग्रह. त्यामुळे एखादा श्रद्धाळू ख्रिस्तीही सेक्युलर असू शकतो.

बायबलवर जोरदार टीका करणारे सगळे नास्तिक होते, असेही नाही. ‘द एज ऑफ रीझन’ लिहिणारे थॉमस पेन हे विश्वनिर्माता मानणारे होते, पण बायबल हा त्याचा शब्द आहे हे त्यांना मान्य नव्हते. महात्मा जोतीराव फुले यांच्यावर याच पेन यांच्या ‘राइट्स ऑफ मॅन’चा प्रभाव होता. फुल्यांनीही निर्मिक मानला आणि धर्मग्रंथांची मक्तेदारी नाकारली.

आजचे चित्र पाहायचे तर अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटरच्या २०२३-२४ च्या सर्वेक्षणात ६२ टक्के प्रौढांनी स्वतःला ख्रिस्ती म्हटले, तर २९ टक्क्यांनी कोणताही धर्म सांगितला नाही. २००७ मध्ये हेच आकडे ७८ आणि १६ टक्के होते. पण या २९ टक्क्यांमध्ये स्वतःला नास्तिक म्हणवणारे ५ टक्के आणि अज्ञेयवादी ६ टक्केच आहेत. बाकीचे ‘विशेष काही नाही’ या गटातले. म्हणजे धर्म सोडणारे खूप, वाद घालणारे थोडे. इंग्लंड व वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत तर ख्रिस्ती लोकांचे प्रमाण प्रथमच निम्म्याखाली, ४६.२ टक्क्यांवर आले आणि ‘धर्म नाही’ असे ३७.२ टक्के लोकांनी लिहिले.

ख्रिस्ती धर्मच वादाच्या केंद्रस्थानी का?

पहिले कारण साधे आहे. हा वाद घालणारे बहुतांश लोक ख्रिस्ती समाजात वाढलेले असतात. माणूस आपल्या घरातल्या श्रद्धेशीच आधी भांडतो. अमेरिकेतील ‘फ्रीडम फ्रॉम रिलिजन फाउंडेशन’चे नेतृत्व करणारे डॅन बार्कर पूर्वी स्वतः धर्मोपदेशक होते. बायबलच्या हस्तलिखितांचे अभ्यासक बार्ट अर्मन तरुणपणी कट्टर इव्हँजेलिकल ख्रिस्ती होते आणि धर्मशिक्षण देणाऱ्या संस्थांमध्येच शिकले. प्यूने २०१० मध्ये अमेरिकेत धर्मविषयक ज्ञानाची ३२ प्रश्नांची चाचणी घेतली, तेव्हा नास्तिक व अज्ञेयवादी गटाची सरासरी २०.९ म्हणजे सर्वाधिक होती. केवळ बायबल व ख्रिस्ती धर्माच्या प्रश्नांत मात्र मॉर्मन व गोरे इव्हँजेलिकल पुढे होते. थोडक्यात, टीकाकारांना विषय माहीत नसतो असे म्हणता येत नाही.

दुसरे कारण ख्रिस्ती धर्माच्या स्वरूपात आहे. येशू ठरावीक काळात, ठरावीक ठिकाणी होऊन गेला, त्याला क्रुसावर चढवले गेले आणि तो तिसऱ्या दिवशी पुन्हा उठला, असा हा धर्म सांगतो. ही नुसती उपदेशकथा नाही, घडलेली घटना आहे, असा दावा आहे. ख्रिस्त उठलाच नसेल तर आपली श्रद्धा व्यर्थ आहे, अशा आशयाचे प्रतिपादन खुद्द संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात केले आहे. ‘घडले’ असे म्हटले, की ‘पुरावा काय?’ हा प्रश्न येतोच.

तिसरे कारण, ख्रिस्ती परंपरेने वादाला स्वतःहून आमंत्रण दिले आहे. धर्मप्रसार हे कर्तव्य मानले गेले, त्यामुळे दुसऱ्याला पटवून देणे आलेच. श्रद्धेचे तर्काने समर्थन करण्याची स्वतंत्र विद्याशाखा तिथे आहे. तेराव्या शतकातील थॉमस अक्वायनस आपल्या ग्रंथात आधी विरोधकांचे आक्षेप मांडतात आणि मग उत्तरे देतात. जो धर्म दारावर येऊन ‘हे सत्य आहे’ म्हणतो, त्याला दारातच ‘कशावरून?’ विचारले गेले तर त्यात नवल नाही.

मुख्य आक्षेप कोणते आणि त्यांना उत्तरे काय?

ढोबळमानाने तीन. पहिला पुराव्याचा. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांनी १७४८ मध्ये मांडलेला युक्तिवाद आजही वापरला जातो. कोणी चमत्कार पाहिल्याचे सांगितले, तर निसर्गनियम मोडला गेला असण्याची शक्यता जास्त, की सांगणाऱ्याची चूक होण्याची? श्रद्धावानांचे उत्तर असे, की निसर्गनियम घालणारा देव असेल तर अपवादही त्याच्या हातात आहे, त्यामुळे चमत्कार आधीच अशक्य ठरवणे हे गृहीतक झाले. ऑक्सफर्डचे गणितज्ञ जॉन लेनॉक्स यांच्यासारखे वक्ते हा मुद्दा जाहीर वादांत मांडत आले आहेत.

दुसरा आक्षेप ग्रंथाचा. मत्तय आणि लूक यांनी दिलेल्या येशूच्या वंशावळी जुळत नाहीत. मार्ककृत शुभवर्तमानातील शेवटच्या बारा ओव्या आणि योहानाच्या शुभवर्तमानातील व्यभिचारी स्त्रीची प्रसिद्ध कथा सर्वात जुन्या हस्तलिखितांत आढळत नाही. ही बाब लपवलेली नाही. आजच्या अनेक बायबल आवृत्त्यांत तशी तळटीप असते. ग्रंथ अक्षरशः निर्दोष मानणाऱ्यांना हा प्रश्न अडचणीचा ठरतो. ग्रंथ माणसांनी देवाच्या प्रेरणेने लिहिला, असे मानणाऱ्या ख्रिस्ती पंथांना तो तितका बोचत नाही.

तिसरा आणि सर्वात जड आक्षेप दुःखाचा. देव सर्वशक्तिमान आणि दयाळू असेल, तर लहान मुलांना कर्करोग का होतो? माणसाला दिलेल्या इच्छास्वातंत्र्यातून दुष्कृत्ये जन्मतात, हे एक उत्तर. तत्त्वज्ञ अल्विन प्लँटिंगा यांनी १९७० च्या दशकात ते काटेकोर तर्काच्या भाषेत मांडले. पण भूकंप आणि आजारांना हे उत्तर पुरत नाही, असे टीकाकार म्हणतात. बार्ट अर्मन यांनीही आपली श्रद्धा हस्तलिखितांतील चुकांमुळे गेली नाही, जगातील दुःखाचे उत्तर न मिळाल्यामुळे गेली, असे सांगितले आहे.

या आक्षेपांची सभ्य चर्चा कशी होऊ शकते, याचे जुने उदाहरण म्हणजे १९४८ मध्ये बीबीसी रेडिओवर झालेला तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल आणि जेझुइट पाद्री फ्रेडरिक कोपलस्टन यांचा संवाद. विश्वाच्या अस्तित्वाला त्याच्याबाहेरचे कारण हवे, असे कोपलस्टन म्हणत होते, तर विश्व आहे एवढेच म्हणता येते, असे रसेल. निकाल लागला नाही, पण दोघांनी एकमेकांचा मुद्दा पूर्ण ऐकून घेतला. याच रसेल यांची १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमधील नेमणूक त्यांच्या धर्म व विवाहविषयक मतांवरून उठलेल्या वादळानंतर न्यायालयाने रद्द केली होती.

शाळा हे रणांगण का बनले?

कारण तिथे मुले असतात आणि पैसा सरकारचा असतो. १९२५ मध्ये टेनेसी राज्यातील डेटन गावात जॉन स्कोप्स या शिक्षकावर उत्क्रांतिवाद शिकवल्याबद्दल खटला चालला. अज्ञेयवादी वकील क्लॅरन्स डॅरो यांनी समोरच्या बाजूचे नेते विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनाच साक्षीला बोलावले आणि योनाला माशाने गिळणे, यहोशवाने सूर्य थांबवणे यांवर प्रश्नांची सरबत्ती केली. स्कोप्स यांना १०० डॉलर दंड झाला. पुढे तो तांत्रिक कारणावरून रद्द झाला, पण उत्क्रांतिवाद शिकवण्यास बंदी करणारा कायदा १९६७ पर्यंत टिकला.

१९६२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कमधील सरकारी शाळांसाठी अधिकाऱ्यांनी तयार केलेली प्रार्थना घटनाबाह्य ठरवली. पुढच्याच वर्षी शाळेतील बायबलवाचनाबाबतही तसाच निकाल लागला. या दुसऱ्या प्रकरणात नास्तिक मॅडलिन मरे यांचे नाव गाजले. मात्र त्याच निकालातील दुसरे कुटुंब युनिटेरियन, म्हणजे श्रद्धा असलेले होते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ही भांडणे ‘नास्तिक विरुद्ध ख्रिस्ती’ अशी सरळ नसतात. २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियातील डोव्हर येथील शाळा मंडळाने जीवशास्त्राच्या वर्गात ‘इंटेलिजेंट डिझाइन’चा, म्हणजे सजीवांची रचना कोणा बुद्धिमान शक्तीने केली या मताचा, पर्याय म्हणून उल्लेख करायला लावला. त्याविरुद्ध साक्ष देणारे प्रमुख जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर हे श्रद्धाळू कॅथलिक. हा विषय विज्ञान नाही, असा निकाल देणारे न्यायाधीश जॉन जोन्स यांची नेमणूक राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी केलेली. जून २०२४ मध्ये लुइझियानाने सरकारी शाळांच्या प्रत्येक वर्गात बायबलमधील ‘दहा आज्ञा’ लावण्याचा कायदा केला, तेव्हा न्यायालयात गेलेल्या नऊ कुटुंबांत धर्म न मानणाऱ्यांबरोबर ज्यू आणि ख्रिस्तीही होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये जिल्हा न्यायालयाने त्या कायद्याला अटकाव केला आणि वाद वरच्या न्यायालयात गेला. कोणाच्या मुलाला कोणती प्रार्थना सरकारने शिकवावी, हा प्रश्न श्रद्धावान पालकांनाही तितकाच सतावतो.

टीकेबद्दल तुरुंगवास होत असे का?

होय. पेन यांचे पुस्तक छापल्याबद्दल इंग्लंडमध्ये रिचर्ड कार्लाइल यांना १८१९ मध्ये शिक्षा झाली आणि ते सुमारे सहा वर्षे तुरुंगात राहिले. ‘सेक्युलॅरिझम’ शब्द देणाऱ्या होलिओक यांनी १८४२ मध्ये एका व्याख्यानातील उत्तरावरून सहा महिने कैद भोगली. ईशनिंदेबद्दल ब्रिटनमध्ये शेवटचा तुरुंगवास १९२१ च्या खटल्यातील जॉन गॉट यांना झाला. इंग्लंड व वेल्समधून हा गुन्हा कायद्यातून वगळायला मात्र २००८ उजाडले.

आयर्लंडचे उदाहरण अलीकडचे आहे. अभिनेते स्टीफन फ्राय यांनी २०१५ मध्ये दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत दुःखाचाच प्रश्न अत्यंत कठोर शब्दांत विचारला. एका प्रेक्षकाने तक्रार केली. २००९ च्या कायद्यानुसार ईशनिंदेला २५ हजार युरोपर्यंत दंड होता. पोलिसांनी चौकशी केली, पण भावना दुखावलेले पुरेसे लोक सापडले नाहीत म्हणून २०१७ मध्ये ती बंद झाली. त्यातून या कायद्याची चर्चा देशभर झाली आणि ऑक्टोबर २०१८ च्या सार्वमतात सुमारे ६५ टक्के मतदारांनी राज्यघटनेतील ईशनिंदेची तरतूद काढून टाकण्याच्या बाजूने कौल दिला. मतदारांत कॅथलिकांची संख्या मोठी होती, हे लक्षात घेतले तर या निकालाचे महत्त्व कळते.

चमत्कारांच्या दाव्यांना आव्हान का दिले जाते?

कारण चमत्काराचा दावा अनेकदा आरोग्याशी जोडलेला असतो. मदर तेरेसा यांना २००३ मध्ये ‘धन्य’ घोषित करताना पश्चिम बंगालमधील मोनिका बेसरा यांच्या पोटातील गाठ बरी झाल्याचा दाखला मान्य करण्यात आला. उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे म्हणणे होते, की हा क्षयरोगाशी संबंधित आजार होता आणि तो औषधांनी बरा झाला. तर्कवाद्यांचा आक्षेप असा, की गरीब रुग्णापर्यंत ‘लॉकेट ठेवल्याने गाठ गेली’ एवढाच संदेश पोहोचला, तर तो औषधे सोडेल. क्षयरोगाच्या देशात हा धोका काल्पनिक नाही.

कॅथलिक चर्चमध्ये दाव्यांची तपासणी होतच नाही, असे मात्र नाही. संतपदाच्या प्रक्रियेत विरोधी बाजू मांडणारा अधिकारी १५८७ पासून असे. त्यालाच ‘डेव्हिल्स अ‍ॅडव्होकेट’ म्हणत. १९८३ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी ही भूमिका मर्यादित केली. मदर तेरेसांच्या प्रक्रियेत त्यांचे कडवे टीकाकार, नास्तिक लेखक ख्रिस्तोफर हिचन्स यांचीही साक्ष घेण्यात आली होती.

मुंबईतील घटना तर अनेकांना आठवत असेल. मार्च २०१२ मध्ये विलेपार्ल्यातील एका चर्चजवळच्या क्रुसावरील येशूच्या मूर्तीतून पाणी ठिबकू लागले आणि गर्दी लोटली. तर्कवादी सनल एडामरुकू यांनी पाहणी करून सांगितले, की जवळच्या तुंबलेल्या गटाराचे पाणी केशाकर्षणाने वर चढते आहे. हे शालेय भौतिकशास्त्र आहे. बारीक फटीत पाण्याचे रेणू कडांना चिकटतात आणि पृष्ठताणामुळे मागचे पाणी ओढले जाते, त्यामुळे ते गुरुत्वाकर्षणाविरुद्धही वर जाते. समईची वात तेल वर ओढते किंवा चहात टोक बुडवलेले बिस्किट वरपर्यंत भिजते, ते याचमुळे.

एडामरुकू यांनी दूरचित्रवाणीवरील चर्चेत चर्चवर चमत्काराचा बाजार मांडल्याचाही आरोप केला. त्यानंतर माफीची मागणी झाली आणि भारतीय दंडविधानाच्या कलम २९५-अ खाली पोलिसांत तक्रारी दाखल झाल्या. अटकेच्या शक्यतेमुळे ते २०१२ मध्येच फिनलंडला गेले आणि तिथेच राहिले.

अशा वादांतून कोणाचे मत बदलते का?

व्यासपीठावर क्वचितच. गांधीजींनी आत्मचरित्रात सांगितलेला प्रसंग इथे बोलका आहे. १८९१ मध्ये लंडनमध्ये शिकत असताना ते ब्रॅडलॉ यांच्या अंत्यविधीला गेले होते. परतताना रेल्वे स्थानकावर एक नास्तिक एका पाद्र्याला गाठून देवाचा आकार आणि पत्ता विचारत होता. पृथ्वीचा घेर सांगता येतो तर देवाचे माप का नाही, असा त्याचा सूर. पाद्र्याने शांतपणे, तो आपल्या दोघांच्या हृदयात आहे अशा अर्थाचे उत्तर दिले. तो संवाद ऐकून गांधीजींची नास्तिकतेबद्दलची नावड आणखी वाढली. ब्रॅडलॉ यांच्या कामाने जे कमावले, ते त्यांच्या अनुयायाच्या अरेरावीने एका श्रोत्यापुरते तरी गमावले.

‘नवनास्तिक’ म्हणून ओळखल्या गेलेल्या लेखकांवरही हाच आक्षेप घेतला गेला. २००४ ते २००७ या काळात सॅम हॅरिस, रिचर्ड डॉकिन्स, डॅनियल डेनेट आणि हिचन्स यांची पुस्तके आली. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याची पार्श्वभूमी त्यांना होती. २०१० मध्ये टोरँटो येथे हिचन्स आणि ब्रिटनचे माजी पंतप्रधान टोनी ब्लेअर यांच्यात धर्म जगासाठी हितकारक आहे का, यावर जाहीर वाद झाला. कर्करोगाशी झुंजत असलेल्या हिचन्स यांनी धर्माच्या नावाने होणाऱ्या अन्यायाचे दाखले दिले, तर ब्लेअर यांनी श्रद्धेतून उभ्या राहिलेल्या सेवाकार्याचे. दोघांचेही दाखले खरे होते.

मते बदलतात ती सावकाश आणि दोन्ही दिशांना. आयुष्यभर नास्तिकता मांडणारे तत्त्वज्ञ अँटनी फ्लू २००४ मध्ये एका विश्वनिर्मात्याच्या कल्पनेकडे वळले. इस्लाम सोडून नास्तिक झालेल्या आयान हिरसी अली यांनी २०२३ मध्ये आपण ख्रिस्ती झाल्याचे जाहीर केले. डॉकिन्स यांनी देव न मानताही स्वतःला ‘सांस्कृतिक ख्रिस्ती’ म्हटले आहे. उलट नास्तिक टीकाकारही एकमेकांना खोडून काढतात. येशू नावाची व्यक्ती झालीच नाही, असे म्हणणाऱ्यांविरुद्ध २०१२ मध्ये पुस्तक लिहिले ते अज्ञेयवादी अर्मन यांनीच.

भारतात हा संदर्भ कसा बदलतो?

महाराष्ट्राला ख्रिस्ती धर्माशी वाद नवीन नाही. १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात जाहीर वादसभा झाल्या. पण तो एका श्रद्धेचा दुसऱ्या श्रद्धेशी वाद होता. नास्तिकाची भूमिका वेगळी. बायबलमधील विसंगती शोधणारा माणूस आपल्या ग्रंथाला तोच प्रश्न विचारायला तयार नसेल, तर तो नास्तिकांचे युक्तिवाद उसने घेतो आहे, त्यांची कसोटी पाळत नाही.

दुसरा फरक सत्तेचा आहे. अमेरिकेत वा आयर्लंडमध्ये ख्रिस्ती श्रद्धेवर टीका करणारा बहुसंख्याकांच्या धर्माला प्रश्न विचारतो. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात ख्रिस्ती २.३ टक्के आहेत. गोव्यात सुमारे २५ टक्के असले तरी तिथेही ते अल्पसंख्यच. त्यामुळे तेच वाक्य इथे वेगळे ऐकू येते. टीका श्रद्धेवर आहे की श्रद्धा बाळगणाऱ्या माणसांवर, हे इथे अधिक जपून तपासावे लागते. मूर्तीतील पाण्याचे कारण सांगणे वेगळे आणि प्रार्थनेला जमलेल्या लोकांना धमकावणे वेगळे.

कायद्याची बाजूही आहे. १९२७ पासून दंडविधानात असलेले कलम २९५-अ आता भारतीय न्याय संहितेत कलम २९९ म्हणून आले आहे. धार्मिक भावना दुखावण्याच्या जाणीवपूर्वक व दुष्ट हेतूने केलेल्या कृत्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हेतू सिद्ध व्हावा लागतो, पण तोवर तक्रार, चौकशी आणि अटकेची भीती हीच शिक्षा ठरते.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी या सगळ्यातून एक वाट काढली होती. देवाधर्माला विरोध नाही, त्यांच्या नावाने होणाऱ्या शोषणाला आहे, अशी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची भूमिका राहिली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मंजूर झालेला जादूटोणाविरोधी कायदा कोणत्याही एका धर्माचे नाव घेत नाही. फसवणूक बाबाने केली काय, मांत्रिकाने केली काय किंवा चमत्काराने रोग बरा करण्याचा दावा करणाऱ्या उपदेशकाने केली काय, मोजमाप एकच.

मग वाद कधी योग्य, कधी निरर्थक?

इतिहास पाहिला तर वाद तेव्हाच काही देऊन गेला, जेव्हा त्यामागे ठोस प्रश्न होता. शपथेच्या सक्तीवरून ब्रॅडलॉ भांडले म्हणून पर्यायी प्रतिज्ञा आली. शाळेतील प्रार्थनेवरून पालक न्यायालयात गेले म्हणून मुलांना गप्प उभे राहण्याच्या सक्तीतून मोकळीक मिळाली. आयर्लंडमध्ये एका मुलाखतीमुळे जुनी तरतूद गेली. यातल्या कोणत्याही बदलाने कोणा ख्रिस्ती माणसाची प्रार्थना थांबली नाही. डेटन, डोव्हर आणि डब्लिनमध्ये आजही चर्चच्या घंटा वाजतात.

ज्या वादात समोरच्याचा कमीपणा दाखवण्यापलीकडे काही नव्हते, तो गांधीजींनी पाहिलेल्या रेल्वे स्थानकावरच संपला. पुढच्या वेळी असा वाद कानावर आला, तर देव आहे की नाही याआधी एक प्रश्न विचारून पाहता येईल. या श्रद्धेमुळे ती न मानणाऱ्या कोणाच्या नोकरीवर, शिक्षणावर, उपचारांवर किंवा बोलण्यावर बंधन येते आहे का? उत्तर ‘होय’ असेल, तर वाद घालणाऱ्याचे म्हणणे ऐकून घ्यायला हवे, मग ऐकणाऱ्याची श्रद्धा कोणतीही असो.